मुठीचा डबा

खुब्याचं हाड मोडलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कुठे घसरलात?" मी म्हटलं, "घरातच. बाहेर घसरायचं वय गेलं." ते हसले. माझा मुलगा हसला नाही. मी जिच्यावर घसरले ती न्हाणीघराच्या दारातली गुळगुळीत फरशी त्यानंच हौसेनं बसवून घेतली होती.

हाडाबद्दल मला फार सांगायचं नाही. ऑपरेशन झालं, आत काहीतरी धातूचं बसवलं, हाड जुळलं. पण त्याच दिवसांत माझी प्रार्थना बंद पडली. ते कोणाला दिसलं नाही, आणि मी कोणाला सांगितलंही नाही. ते सांगायचं आहे.

त्यासाठी आधी मुठीचं सांगावं लागेल.

माझं माहेर जालन्याकडचं. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, पुढे घरात कामाला लागले. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायकांत मूठ काढायची रीत होती. स्वयंपाकाला घरच्यांपुरतं पीठ किंवा तांदूळ मापून घेतला की त्यातली एक मूठ काढून वेगळ्या मडक्यात टाकायची. गोणीतली नाही, मापून घेतलेल्यातली. म्हणजे घरच्यांच्या ताटात तेवढं कमी व्हायला हवं, नाहीतर ती मूठ कसली? रविवारी बायका आपापली मूठ देवळात भक्तीला घेऊन यायच्या आणि ज्या घरी चूल पेटायची पंचाईत असेल तिथे ते धान्य जायचं.

माझ्या आईनं त्यात आपली एक भर घातली होती. मूठ टाकताना ती एका माणसाचं नाव घ्यायची. तोंडातल्या तोंडात. "प्रभू, ही मूठ अमक्याची." झालं. तिचे नियम दोन होते. काल ज्याचं नाव घेतलं त्याचं आज घ्यायचं नाही. आणि घरच्या माणसाचं कधीच घ्यायचं नाही. "घरच्यांची काळजी तशीही वाटतेच," ती म्हणायची, "तिला मूठ लागत नाही."

लग्न होऊन मी सिकंदराबादला आले. नवरा रेल्वेच्या कारखान्यात. भाकरीच्या जागी भात आला, मडक्याच्या जागी पत्र्याचा गोल डबा आला, सुलतान बाजारातून घासाघीस करून आणलेला. मूठ तीच राहिली. नवरा गेला, मुलानं हैदराबादेत नल्लकुंट्यात घर घेतलं, तिथे ओट्याच्या वरच्या फळीवर तो डबा गेला. झाकण चेपलं होतं, ते दगडानं ठोकून सरळ केलं.

माझी प्रार्थना ही एवढीच. लांब प्रार्थना मला कधी जमली नाही. बायकांच्या सभेत एकेक जण पाव तास प्रार्थना करायची, पृथ्वी निर्माण झाल्यापासून सुरुवात करून. मी दोन वाक्यं बोलून आमेन म्हणायचे. पण तांदळात हात घातला की मला समोर कोणीतरी असल्यासारखं वाटायचं. मी नाव सांगायचे आणि ते ऐकलं गेलं याची मला शंका नसायची. कोणी आजारी असेल, कोणाच्या पोरीचं लग्न अडलं असेल, कोणी नवऱ्याचा मार खात असेल. नाव सांगितलं की ते माझ्या डोक्यावरून उतरायचं. नंतर मी त्या घरी जायचे, लोणच्याची बरणी घेऊन नाहीतर नुसतीच. ख्रिस्ताशी माझा संबंध कसा आहे असं कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, बरा आहे, दिवसातून दोनदा भेट होते, ओट्याशी.

आता सुनेबद्दल. ती तेलुगू. ती पण ख्रिस्ती, पण तिच्या मंडळीची रीत वेगळी. तिथे प्रार्थना म्हणजे डोळ्यांतून पाणी आणि आवाज असा की रस्त्यावरची रिक्षा थांबावी. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं दिवाणखान्यात तशी प्रार्थना केली. संपल्यावर मी म्हटलं, "देव बहिरा नाही."

ती मला अत्तम्मा म्हणते, म्हणजे सासूबाई. तिनं मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हौ अत्तम्मा," म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. त्यानंतर तिनं माझ्यासमोर मोठ्यानं प्रार्थना केली नाही. मला वाटलं, बरं झालं, शिकली.

ती हुशार आहे. कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या कामावर आहे, आठवड्यातले निम्मे दिवस घरूनच काम करते, कानाला यंत्र लावून. आमच्या घरात माणसं तीन आणि भाषा चार. भांडण मात्र आम्ही सासूसुना मराठीतच करतो, कारण ते तिला माझ्याकडूनच शिकायला मिळालं.

तर मी पडले. घरी आले ती पलंगावर. उठायचं नाही, वळायचं तरी विचारून. स्वयंपाकघर माझ्या खोलीपासून चार पावलांवर, पण मला ते सिकंदराबादेइतकं लांब झालं. कुकरची शिट्टी ऐकू यायची, फोडणीचा वास यायचा. माझा हात तांदळात नव्हता.

पहिले काही दिवस मी समजले, औषधांची गुंगी आहे. मग गुंगी उतरली तरी तेच. डोळे मिटायचे, "प्रभू" म्हणायचे, पुढे काही नाही. आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं. ज्या दिवशी यायचं नसतं त्या दिवशी चुकून नळ उघडला तर आतून नुसती हवा सूं सूं करत येते. तसं. नावं आठवायची, पण नुसती नावं. टेलिफोनच्या जाड पुस्तकातली असावीत तशी. मी पवित्र शास्त्र, बायबल, उघडलं. अक्षरं वाचली, पान उलटलं. सूं सूं.

मी भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. मुलगा विचारायचा, "दुखतंय का आई?" मी हो म्हणायचे. ते सोपं होतं.

मंडळीतल्या बायका भेटायला आल्या. बसेसमधून, दोन दोन बदलून आल्या, सफरचंदं आणली. एक म्हणाली, "आता आराम करा ताई. प्रभूनं तुम्हाला विसावा दिलाय."

"विसावा असा असतो तर तू इथे झोप," मी म्हटलं, "मी उठते."

सगळ्या हसल्या. मी काही गंमत केली नव्हती.

वरच्या मजल्यावरची पण आली. ती पुण्याची, नवरा इथल्या कंपन्यांच्या भागात नोकरीला. तिच्या बाल्कनीतलं कपडे धुण्याचं पाणी माझ्या वाळवणावर पडतं. दोनदा सांडगे गेले, एकदा पापड. सांगितलं की म्हणते, "अय्या, सॉरी हं काकू," आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पाणी. पण पाण्यापेक्षा मला तिच्या कौतुकाचा राग येतो. मी "हौ" म्हटलं की ती हसते. पलंगाशी बसून म्हणाली, "तुमचं मराठी किती वेगळं आहे ना काकू! किती गोड! ऐकतच राहावंसं वाटतं." मी पुढे बोललेच नाही. ऐकत राहा, मनात म्हटलं.

मग पाळकसाहेब, आमचे पाद्री, आले. सिकंदराबादच्या आमच्या मराठी भक्तीला तरुण पाळक आला आहे, नगरकडचा. आधी इंग्रजी भक्ती संपते आणि मग त्याच देवळात आमची थोडकी घरं बसतात. मुलं फोनमध्ये इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी गीतं बघून म्हणतात. पाळक मात्र नेटानं करतो. त्यानं द्राक्षवेलाचा भाग वाचला. ख्रिस्त वेल आणि आपण फाटे, माझ्यामध्ये राहा म्हणतो तो, फाटा वेलात राहिला तर फळ देतो, नाही राहिला तर सुकतो. तो भाग मला लहानपणापासून पाठ आहे. त्या दिवशी तो माझ्या अंगावर आला. सुकलेला फाटा काढून टाकतात हेही त्यातच आहे, आणि मी पलंगावर पडून होते, न फळाची न फुलाची.

"राहा म्हणजे काय करायचं?" मी विचारलं.

"म्हणजे काकू, त्याच्यामध्ये राहायचं. त्याच्याशी जोडलेलं असायचं."

"ते कळलं. करायचं काय? सकाळी उठून?"

तो बशीतल्या बिस्किटाकडे बघत राहिला. "प्रार्थना... वचनाचं वाचन..."

"ते होत नाही. सुकलं ते."

हे मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले, तेही एका पोरासमोर. त्यानं बशी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "काकू, फाट्याला काय करावं लागतं ते मलाही नीट सांगता येत नाही. माझ्या घरच्यांची द्राक्षबाग होती. फाटा काहीच करताना दिसत नाही."

"मग फाटा होणं सोपं आहे. मी बाई आहे."

त्यानं प्रार्थना केली, चहा घेतला, आणि गेला. तो खरं बोलला म्हणून मला आवडला, पण माझं काम झालं नाही. त्या रात्री मला भीती वाटली. मरणाची नाही, त्याला आता काय भ्यायचं? भीती ही की इतकी वर्षं मी ख्रिस्ताला भेटत होते की नुसती तांदळाला? मी चालत होते, जात होते, देत होते. हातपाय थांबले आणि आत काहीच नाही. तो कधी होता का?

वॉकर आला. चार पायांची ती घोडी घेऊन आधी खोलीत, मग दिवाणखान्यात. एका दुपारी सून कानाला यंत्र लावून कोणाशी तरी इंग्रजीत बोलत होती, तेव्हा मी ठरवलं की स्वयंपाकघरात जायचं. ओटा गाठायला मला वेळ लागला. ओट्याला धरून उभी राहिले आणि वर बघितलं.

डबा होता. मला वाटलं होतं रिकामा असेल, नाहीतर अडगळीत गेला असेल. तो शिगोशीग भरला होता. झाकण बसत नव्हतं, वर तिरकं ठेवलं होतं. आणि शेजारी बिर्याणीच्या पार्सलचे प्लास्टिकचे डबे, ते पण तांदळानं भरलेले. ओळीनं.

माझं डोकं फिरलं. मुठीच्या डब्यात घरचा तांदूळ! जागा पुरेना म्हणून देवाचा डबा घेतला, माझं अंथरूण अजून गुंडाळलंही नाही तोवर. मी तिथूनच हाक मारली. ती धावत आली, तिला वाटलं मी पुन्हा पडले.

"तो डबा कशाचा आहे माहीत आहे ना तुला?"

"हौ अत्तम्मा."

"मग त्यात घरचं सामान भरायला लाज नाही वाटली?"

"घरचं नाही ते." तिनं कानातलं काढून ओट्यावर ठेवलं. यंत्रातून कोणीतरी अजून बोलत होतं. "मूठ आहे. मी टाकते."

"तू?"

"रोज. तुम्ही दवाखान्यात गेलात ना, त्या दिवशी संध्याकाळी भात लावला. हात आपोआप तिकडे गेला. इतकी वर्षं बघते तुम्हाला."

मी डब्यांकडे बघितलं. "मग भक्तीला का नाही पाठवलं? इथे साठवून ठेवलं कशाला?"

"मी कशी देणार? ती तुमची मूठ. तुम्ही उठाल, घेऊन जाल, म्हणून ठेवलं."

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं नाही. मूठ कोणीही देऊ शकतं, पोरानं नेऊन टाकली तरी चालते. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या मंडळीत ही रीत नाही. तिनं नुसतं बघून उचललं होतं, आणि न सांगितलेलं मनानं भरून घेतलं होतं.

"नाव घ्यायचं असतं," मी म्हटलं. "ते माहीत आहे?"

"यांनी सांगितलं, आई नाव घेते म्हणून. मी पण घेतलं."

"कोणाचं?"

 तिनं ओट्यावरचं यंत्र उचललं, पुन्हा ठेवलं.

"कोणाचं ग?"

"तुमचं."

"माझं? रोज?"

"रोज."

"घरच्या माणसाचं नाव घेत नसतात," मी म्हटलं. "आणि कालचं आज तर नाहीच नाही. सगळं चुकीचं केलंस."

आता ती भडकली. "तुम्ही कधी सांगितलं? तोंडातल्या तोंडात बोलायच्या. मी रात्री काम संपवून यायचे तर तुम्ही भिंतीकडे तोंड करून. मराठीत मला प्रार्थना येत नाही. तेलुगूत मोठ्यानं केली असती तर तुम्ही म्हटला असता देव बहिरा नाही. मग मी काय करू? हेच केलं."

मी ओट्याला धरून उभी होते. ज्या दिवसांत माझ्याकडून एक शब्द वर जात नव्हता त्या दिवसांत माझ्या पलंगापासून चार पावलांवर रोज कोणीतरी माझं नाव सांगत होतं. आईचे दोन्ही नियम मोडून. मी सुकत पडले होते आणि मला वाटत होतं की धरून ठेवणारा हात माझा होता, तो सुटला म्हणजे सगळं सुटलं. माझा हात सुटला होता हे खरंच. पण मी कुठे पडले नव्हते.

आणि दुसरंही कळलं. मी फळ मोजायचे ते सभेत, आजाऱ्याच्या घरी, लोणच्याच्या बरण्यांत. या पोरीला मी मुठीबद्दल एक शब्द शिकवला नव्हता. शिकवलं असेल तर टोमणे खायला. जिथे मी बघत नव्हते तिथे फळ लागलं होतं. त्यात माझी काही करणी नाही. असती तर मी बिघडवलं असतं.

हे सगळं मला तेव्हा तिला सांगता आलं नाही. मी एका डब्यात बोट घातलं. तांदूळ हलला.

"किडे झालेत," मी म्हटलं.

"अय्यो," ती म्हणाली.

"अय्यो काय? सूप आण. आणि मला खुर्ची दे, बसून निवडते. तू जा, तुझा साहेब ओरडतोय त्यात."

ती गेली नाही. तिनं यंत्रात दोन शब्द बोलून ते बंद केलं, सूप आणलं, खुर्ची आणली, आणि समोर खाली बसली. माझ्या नावाचा तांदूळ मी पाखडायला घेतला. बसून पाखडायला कमरेला त्रास होतो, पण हात विसरलेले नव्हते. तांदूळ सुपात उडाला, खाली आला, किडे पुढे आले. तिसऱ्या चौथ्या सुपाला मला खालच्या वॉचमनची बायको आठवली, तिचे दिवस भरत आले होते. मी नाव घेतलं. प्रभू, हिचं. आणि ते ऐकलं गेलं. मला शंका आली नाही. मग दुसरं नाव, मग तिसरं. जणू सगळे दाराशी उभे होते आणि कोणीतरी कडी काढली.

माझे ओठ हलताना तिनं बघितलं. काही विचारलं नाही. उरलेला डबा पुढे सरकवला.

ऊन दाखवून, दोनदा चाळून तो तांदूळ रविवारी मुलाच्या गाडीतून सिकंदराबादला गेला आणि त्याच्याबरोबर मी गेले. पायऱ्यांवर पाळकानं धरलं. मी म्हटलं, "तुमचं बरोबर होतं. फाट्याला काही करावं लागत नाही." मग त्याला सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "काकू, हे मी भक्तीतल्या संदेशात सांगू?"

"सांगा. माझं नाव घेऊ नका."

"ते तुमच्या सूनबाईंनी भरपूर घेतलंय," तो म्हणाला. पोरगा दिसतो तितका साधा नाही.

तो तांदूळ एका घरी गेला. कोणत्या ते सांगायची रीत नाही. त्या घरी भात शिजला, आणि तो शिजवणाऱ्या बाईला माहीत नसेल की प्रत्येक दाण्यावर माझं नाव होतं. मी देवाचे आभार मानते. पायाबद्दल मानते, पाय पुन्हा चालला. फरशीबद्दल मानायला अजून मन होत नाही, पण तिच्यावर मी पडले नसते तर हे मला कळलं नसतं, हे कबूल करते.

आता स्वयंपाक सूनच करते. माझी खुर्ची ओट्याशी असते. मी भाजी निवडते, शेंगा सोलते, मीठ जास्त पडलं तर सांगते. मूठ ती टाकते, नाव मी सांगते. आईचे नियम तिला समजावले आहेत. माझ्या नावाचा ती हट्ट धरते. आठवड्यातून एकदा चालेल असं मी म्हटलं आहे. कधी नाव तिच्याकडच्या माणसाचं असतं, मग ती तेलुगूत दोन शब्द जास्त बोलते, आवाज चढतो. मी काही म्हणत नाही. चांगलं वाटतं ऐकायला.

गेल्या आठवड्यात गच्चीवर ऊन बरं पडतं म्हणून माझे सांडगे सुनेनं बाल्कनीऐवजी वर नेऊन घातले. वरचीनं तिथे आपल्या गाद्या झटकल्या. सगळ्या सांडग्यांवर कापूस. शिवाय खाली येऊन म्हणाली, "काकू, तुम्ही या सांडग्यांना काय म्हणता? तुमचा शब्द सांगा ना, मजा वाटते."

संध्याकाळी सुनेनं तांदूळ मापून घेतला, मूठ उचलली आणि माझ्याकडे बघितलं. "आज कोणाचं अत्तम्मा?"

मी शेंगा सोलत होते. आणखी दोन शेंगा सोलल्या.

"वरचीचं," मी म्हटलं.

तिचा हात हवेतच राहिला. "पुण्याचीचं? खरंच?"

"हौ."

ती हसायला लागली, मुठीतले दाणे ओट्यावर सांडले. "पूर्ण मूठ टाकू का अर्धी?"

"भरून टाक," मी म्हटलं. "आणि सांडलेले पण उचल."